बालवाडीतल्या नव्या ताईसाठी: मुलं नीट वागू लागतात ती कशी

जूनच्या मध्यावर बालवाड्या उघडतात आणि चौथ्या-पाचव्या दिवसापासून नव्या ताईंचे फोन यायला लागतात. कुणी नाशिकच्या सिडकोतून, कुणी सातपूरहून, कुणी दिंडोरीकडच्या अंगणवाडीतून. आवाज बसलेला असतो आणि प्रश्न ठरलेला: "मुलं ऐकतच नाहीत, काय करू?"

सोळा वर्षांपूर्वी मी सिडकोतल्या दोन खोल्यांच्या एका बालवाडीत रुजू झाले तेव्हा माझ्याकडे तीन ते पाच वर्षांची २८ मुलं होती. त्यातला एक मुलगा हात धुवायच्या रांगेत रोज पुढच्याला ढकलायचा. मी रागावले, त्याला रांगेतून बाजूला काढलं, आणायला येणाऱ्या आजीला सांगितलं. तीन आठवडे हेच चाललं. मग आमच्या मदतनीस मावशी एकदा म्हणाल्या, "ताई, नळ एकच आहे. तो नेहमी शेवटाला राहतो. त्याचा नंबर येईस्तोवर बाकीच्यांचे डबे अर्धे संपलेले असतात." दुसऱ्या दिवशी आम्ही दोन बादल्या भरून ठेवल्या, तांबे ठेवले आणि मुलांना पाच-पाच करून सोडलं. त्याच आठवड्यात ढकलाढकली थांबली. मुलाला मी नवीन काहीच शिकवलं नव्हतं.

तेव्हापासून मी एक गोष्ट धरून आहे आणि नव्या ताईंनाही तीच सांगते. मूल चुकलं की त्याच्या आधीची दहा मिनिटं तपासायची. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत. सगळ्या एकदम करायला जाऊ नका, पहिल्या महिन्यात पहिल्या तीन झाल्या तरी पुष्कळ.

पहिली पायरी: आठवडाभर फक्त बघा आणि लिहा

एक शंभर पानी वही घ्या. पानावर तीन रकाने आखा: आधी काय चाललं होतं, मुलाने काय केलं, त्यानंतर काय झालं. शेजारी वेळ टाका. "मस्ती केली", "त्रास दिला" असं लिहू नका, त्यातून काहीच कळत नाही. "अकरा वाजून दहा मिनिटं, ठोकळे आवरत होतो, शेजारच्या मुलीचा दंड चावला, मी धावत गेले, उचलून घेतलं" असं लिहा.

ही नोंद खरी आहे. ती मुलगी आठवड्यातून चार दिवस चावायची आणि चारही वेळा अकराच्या आसपास. आईची अंबडच्या कारखान्यात सकाळची पाळी, त्यामुळे लेकीला सहालाच उठवून चहा-बिस्कीट देऊन शेजारी सोडायची. आमचा खाऊ साडेअकराला. पाच तास त्या पोटात दुसरं काही नव्हतं. खाऊची वेळ साडेदहा केली आणि चावणं बरंच कमी झालं. पूर्ण थांबलं नाही, कारण तिसरा रकाना राहिला होता: चावल्यावर मी धावत जाऊन तिला उचलून घ्यायचे. दिवसभरात मी तिला उचलून घ्यायचे ते तेवढंच. मग सकाळी आल्या आल्या तिला पाच मिनिटं मांडीवर घ्यायला लागले.

वहीत बहुतेक वेळा चारच कारणं सापडतात: भूक किंवा झोप, रिकामे हात, फार वेळ वाट पाहणं आणि सांगितलेलं न समजणं. पाचवं कारण म्हणजे घरात काही घडलेलं असणं, त्याबद्दल पुढे.

दुसरी पायरी: खोली आणि दिवस लावून घ्या

आधी खोली. मधोमध मोठी मोकळी जागा असेल तर मुलं पळणारच, ती जागाच त्यांना पळायला सांगते. चटया, बुटकी कपाटं, पुस्तकांची पेटी यांनी खोलीचे तीन-चार कोपरे करा: ठोकळ्यांचा, भातुकलीचा, चित्रांचा आणि एक शांत. भातुकली आणि ठोकळे शेजारी चालतात, पण पुस्तकांशेजारी ठोकळे नकोत. खेळणी मुलाच्या हाताला येतील एवढ्या उंचीवर आणि प्रत्येक टोपलीवर आतल्या वस्तूचं चित्र. आवरायचं कुठे हे दिसलं नाही तर मूल आवरत नाही.

अडीच-तीन वर्षांची मुलं एकमेकांच्या शेजारी बसून आपापलं खेळतात, एकत्र खेळणं हळूहळू येतं. या वयात "वाटून घे" हे फार मोठं मागणं आहे. म्हणून बारा वेगवेगळी खेळणी आणण्यापेक्षा एकसारख्या चार गाड्या आणा. निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

मग दिवस. सात चित्रांची पट्टी भिंतीवर लावा: प्रार्थना, गाणी, कोपऱ्यातला खेळ, खाऊ, अंगण, गोष्ट, घर. एक काम संपलं की कपड्याचा चिमटा पुढच्या चित्रावर. चिमटा कोण सरकवणार यासाठी रोज एक मूल. पुढे काय येणार हे माहीत असलेलं मूल निवांत असतं. आई कधी येणार म्हणून रडणाऱ्या मुलाला "येईल हं" म्हणण्यापेक्षा चिमटा दाखवा: "गोष्ट झाली की घर."

सगळ्यांत जास्त गोंधळ एका कामातून दुसऱ्या कामात जाताना होतो, आणि नव्या ताई नेमकं तिकडेच लक्ष देत नाहीत. "पाच मिनिटांनी आत यायचं" याला तीन वर्षांच्या मुलाला काही अर्थ नाही, त्याला पाच मिनिटं दिसत नाहीत. "अजून दोनदा घसरगुंडी, मग आत" हे दिसतं. आवरण्यासाठी एकच गाणं ठरवा आणि ते वर्षभर बदलू नका. दोन महिन्यांनी गाण्याची पहिली ओळ ऐकली की हात आपोआप टोपलीकडे जातात. आणि सगळ्यांना एकदम उठवू नका. "लाल रंगाचे कपडे घातलेले आधी" असं म्हणून थोडे थोडे उठवा.

नाशिकच्या हवेचाही विचार करा. जुलै-ऑगस्टच्या झडीत अंगण आठवडा-आठवडा बंद राहतं, आणि अंगात साठलेली धाव दुपारपर्यंत हाणामारीत निघते. त्या दिवसांत गाण्यांच्या वेळी बेडूकउड्या, गादीवर कोलांट्या, दोरीखालून सरपटणं असं रोज वीस मिनिटं ठेवाच. डिसेंबर-जानेवारीत उलटं होतं. निफाडच्या बाजूला पारा पाच अंशांच्या खाली उतरतो, मुलं स्वेटर-कानटोपीत आखडून येतात. प्रार्थनेला ताठ उभं करण्यापेक्षा पहिली पंधरा मिनिटं उन्हात पोतं टाकून गोष्ट सांगा.

तिसरी पायरी: नियम तीनच, आणि सांगायचं ते करायला सांगायचं

तीनच्या वर नियम लहान मुलाच्या लक्षात राहत नाहीत. आमचे असे होते: आत चालायचं, बाहेर पळायचं. हात मऊ ठेवायचे. खेळून झालं की वस्तू तिच्या घरी. तिन्हींची चित्रं लावली होती. पहिले दोन आठवडे रोज खेळ म्हणून सराव घेतला. मी मुद्दाम चुकायचे, गाडी भलत्याच टोपलीत टाकायचे, आणि मुलं ओरडून मला सुधारायची. दुसऱ्याची चूक दाखवताना नियम त्यांच्या तोंडी बसला.

तिन्ही नियमांत "नको" कुठेच नाही. "पळू नको" म्हटलं की मुलाला तीन कामं करावी लागतात: ऐकायचं, चाललेली गोष्ट थांबवायची आणि त्याऐवजी काय करायचं ते स्वतः शोधायचं. तिसरं त्याला जमत नाही. "चालत ये" यात ते शोधावं लागत नाही. "ओरडू नको" ऐवजी "माझ्या कानात सांग". "सांडू नको" ऐवजी "दोन्ही हातांनी धर". आठवडाभर आपलीच वाक्यं पकडून बदलत राहिलं की जीभ वळते.

सूचना देण्याचीही रीत आहे. खोलीच्या या टोकावरून त्या टोकाला ओरडून दिलेली सूचना मुलापर्यंत पोचतच नाही. जवळ जा, गुडघ्यावर बसा, नाव घ्या, डोळ्यांत बघा, एकच गोष्ट सांगा. मग मनात दहापर्यंत मोजा. ते दहा आकडे मोजणं सगळ्यांत अवघड आहे. आपण चारलाच पुन्हा सांगतो, सहाला आवाज चढवतो, आणि मूल मात्र तेव्हा उठायच्याच बेतात असतं.

भाषेचं विसरू नका. आपल्या जिल्ह्यात एकाच बालवाडीत बागलाणकडचं अहिराणी बोलणारं घर, सुरगाण्याचं, कोकणा आदिवासींची कोकणी बोलणारं घर आणि औद्योगिक वसाहतीत आलेलं हिंदी बोलणारं घर शेजारी बसतं. अहिराणीत "इकडे" म्हणजे "आठे". त्या मुलाला "आठे ये" म्हणा आणि चेहरा बघा. प्रवेशाच्या दिवशी आईकडून दहा शब्द लिहून घ्या: पाणी, शू, दुखतंय, ये, दे, पुरे, भूक, झोप, आई, घर. जी मुलं "अजिबात ऐकत नाहीत" म्हणून माझ्यापर्यंत आली, त्यांतल्या बऱ्याच जणांना बोललेलं कळतच नव्हतं.

चौथी पायरी: चांगलं दिसलं की तिथल्या तिथे बोला

हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि होत मात्र नाही. शांत खेळणारं मूल आपल्याला दिसत नाही, कारण आपण आग विझवण्यात गुंतलेलो असतो. मग मुलांच्या लक्षात येतं की ताईंचं लक्ष हवं असेल तर काहीतरी आदळलं पाहिजे.

एक साधा उपाय. सकाळी उजव्या खिशात किंवा कमरेच्या पिशवीत दहा चिंचोके ठेवा. मुलाने केलेली एखादी चांगली गोष्ट त्याला नेमकी सांगितली की एक चिंचोका दुसऱ्या बाजूला. खाऊच्या वेळेपर्यंत दहाही सरकले पाहिजेत. पहिल्या दिवशी माझे तीन सरकले होते.

नेमकी सांगायची म्हणजे काय? "शाब्बास", "हुशार", "गुड गर्ल" यांतून मुलाला आपण काय केलं ते कळत नाही. त्याऐवजी जे पाहिलं तेच बोला:

"तू तिच्या बाटलीचं झाकण उघडून दिलंस. तिला आता पाणी पिता येईल."

"राग आला होता, तरी हात खाली ठेवलास. मी पाहिलं."

"मनोरा तीनदा पडला आणि तू चौथ्यांदा लावलास."

बोलताना मुलाजवळ जा, वर्गाला ऐकू जायची गरज नाही. काही मुलं सगळ्यांसमोर कौतुक झालं की आक्रसतात, त्यांच्या पाठीवरून नुसता हात फिरवला तरी पोचतं. आणि एक गोष्ट कळकळीने सांगते: "बघा, ती कशी शहाण्यासारखी बसलीय, नाहीतर तुम्ही!" हे कधीच बोलू नका. त्यात त्या मुलीचं कौतुक होत नाही, तिला बाकीच्यांपासून तोडलं जातं. आठवड्याच्या शेवटी हजेरीपटावर नजर टाका. कोणाच्या नावावर एकही चिंचोका सरकला नाही? बहुतेक ते सर्वांत गरीब, मुकाट बसणारं मूल असतं. सोमवारी सुरुवात त्याच्यापासून.

आता स्टार आणि चॉकलेट. हल्ली बऱ्याच प्लेग्रुपमध्ये हातावर स्टार चिकटवायची पद्धत आहे आणि पालकही तो मागतात. १९७३ साली अमेरिकेत मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी बालवाडीच्या वयाच्या, मुळातच चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांना आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर सोनेरी तारा लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना चित्र झाल्यावर ते अचानक दिलं. काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात पाहिलं तेव्हा ज्यांना आधी कबूल केलं होतं ती मुलं बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत होती. बक्षिसाने आवडीच्या खेळाचं काम करून टाकलं होतं.

माझं मत स्पष्ट आहे: वागण्यासाठी स्टार देऊ नका. संस्थेचा आग्रहच असेल तर आधी कबूल करून देऊ नका, आणि देताना कशासाठी ते बोलून द्या. "गप्प बसलात तर चॉकलेट" हे मात्र पूर्ण बंद. गप्प बसण्याची किंमत एकदा ठरली की ती रोज वाढते.

हा विचार परदेशातून आलेला आहे असं कुणी म्हटलं तर त्यांना गिजुभाई बधेका सांगा. भावनगरला त्यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केलं ते शिक्षा आणि आमिष दोन्ही बाजूला ठेवून. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला आल्या, पुढे अनुताई वाघांसोबत कोसबाडला वारली मुलांमध्ये राहिल्या. मुलं शाळेत येत नाहीत तर त्यांना दोष न देता शाळाच त्यांच्या अंगणात नेली, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणावर नेली. अंगणवाडी हा शब्द तुम्ही रोज वापरता, त्याच्या मागे हे काम आहे.

पाचवी पायरी: भांडण, चावणं, आदळआपट झालीच तर

होणारच. तेव्हा क्रम असा ठेवा.

मध्ये जा, हात धरायची वेळ आली तर हळू धरा. "थांब. मारू देणार नाही मी." एवढंच वाक्य. लागलेल्या मुलाकडे आधी वळा, मारणाऱ्याकडे नंतर. मग मारणाऱ्याला त्याची भावना नाव घेऊन सांगा: "तुला गाडी हवी होती. तिने दिली नाही. राग आला." आणि हातात शब्द द्या: "तुझं झालं की मला दे, असं म्हण." लगेच त्याच्या तोंडून म्हणवून घ्या, मुलीकडून उत्तरही घ्या. हे वर्षभरात शेकडो वेळा करावं लागतं. जानेवारीत कधीतरी तुम्ही पोचायच्या आधीच ते वाक्य ऐकू येतं.

जबरदस्तीने "सॉरी" म्हणायला लावू नका. लागलेल्या जागेवर ओलं फडकं धरणं, पाणी आणून देणं, पडलेला मनोरा परत लावायला मदत करणं, यातलं काहीतरी त्याला करू द्या.

जमिनीवर लोळून रडणाऱ्या मुलाला त्या वेळी काहीही समजावू नका. टोकदार वस्तू दूर करा, जवळ बसा, आवाज खाली. "मी इथेच आहे." ओसरल्यावर पाणी द्या आणि मग दोन वाक्यं बोला. शांत कोपरा यासाठीच: एक गोधडी, उशी, दोन चित्रांची पुस्तकं. तिथे पाठवणं ही शिक्षा नाही. मूल शांत असतानाच तो कोपरा दाखवा, गरम दुधावर फुंकर मारतो तशी लांब फुंकर मारायचा खेळ तिथेच शिकवा. राग आल्यावर शिकवायला गेलात तर तो खेळ कामाचा राहत नाही.

काय करायचंच नाही: मारणं, चिमटा, अंगठे धरून उभं करणं, बाथरूममध्ये कोंडणं, खाऊ न देणं, "पोलिसाला देईन", "इंजेक्शन देईन", रंगावरून किंवा जाडीवरून हाक मारणं. शिक्षणहक्क कायद्याच्या (२००९) कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई आहे. बाल न्याय कायद्याच्या (२०१५) कलम ७५ मध्ये ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने क्रूरपणे वागवलं तर तुरुंगवासाची तरतूद आहे. कायदा नसता तरी मी हेच लिहिलं असतं. घाबरलेलं मूल गप्प बसतं, पण त्या वेळी ते काहीच शिकत नसतं.

सहावी पायरी: दारातले पालक

तक्रार दारात, मुलासमोर, इतर पालकांच्या देखत करू नका. आधी आजचं एक चांगलं सांगा, मग विचारा, "घरी दोन-तीन दिवसांत काही वेगळं झालं का?" नवं बाळ, वडिलांची बदललेली पाळी, गावी गेलेली आजी, घरातलं भांडण, यातलं काहीतरी बऱ्याचदा निघतं.

पुष्कळ पालक म्हणतात, "द्या एक ठेवून, आमची परवानगी आहे." तेव्हा वाद घालू नका. "ताई, मारलं की माझ्यासमोर थांबतो, पाठ वळली की परत करतो. मला तो माझ्यामागेही नीट वागायला हवाय. आपण दोघी एकच वाक्य वापरू या" असं म्हणा आणि घरी वापरायचं एक वाक्य द्या. एकच. आजी-आजोबांना हे जास्त पटतं असा माझा अनुभव आहे. आणि पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर कुणाच्या मुलाची तक्रार, रडतानाचा फोटो कधीच नाही.

दिंडोरी-निफाडच्या ताईंसाठी वेगळं. द्राक्षांच्या छाटणीला आणि काढणीला पेठ-सुरगाण्याकडची कुटुंबं येतात, त्यांची मुलं हंगामाच्या मध्येच तुमच्याकडे बसतात आणि काही आठवड्यांनी निघून जातात. त्यांच्यासाठी तो जूनचा पहिला दिवस असतो. नियमांची चित्रं पुन्हा दाखवा, दोन दिवस एक जोडीदार द्या, त्यांच्याकडचं एक गाणं सगळ्या वर्गाला शिकवा. नवं मूल ढकलत असेल तर आठवून बघा, बसायची जागा त्याला कुणी दाखवली होती का.

सातवी पायरी: आपल्या हाताबाहेरचं ओळखा

"ऐकत नाही" म्हणून आलेल्या मुलाला आधी ऐकू येतं का ते बघा. कान वाहतो का, मागून नाव घेतलं की वळतो का, नेहमी तुमच्या तोंडाकडे बघतो का. दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडून बोलत नसेल, नजर देत नसेल, येत असलेलं बोलणं बंद झालं असेल, तर "होईल मोठं झाल्यावर" म्हणत थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं वैद्यकीय पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येतं, त्या यादीत नाव घालाच. खासगी बालवाडीत असाल तर पालकांना बालरोगतज्ज्ञांकडे पाठवा. आनंदी मूल एकाएकी मुकं झालं, हात उचलला की दचकायला लागलं, अंगावर वळ दिसले, तर वरिष्ठांना लगेच सांगा. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा नंबर भिंतीवर लिहून ठेवा. चौकशी करणं आपलं काम नाही, कळवणं आहे.

आणि तुमच्या रागाचं

पंचवीस-तीस मुलांत तो येतो. मदतनीस मावशींशी पहिल्याच आठवड्यात एक शब्द ठरवून घ्या. आमचा शब्द "खडू" होता. "मावशी, जरा खडू बघता का?" म्हटलं की त्या मुलांपाशी यायच्या आणि मी दोन मिनिटं ओट्यापाशी जाऊन पाणी प्यायचे. त्यांनी म्हटलं की मी जायचे. मुलांना वर्षभर वाटत राहिलं की आमच्याकडचे खडू सारखे हरवतात.